बहगतला सावली नाही

३ मे, सकाळ
कोपऱ्यावरच्या भट्टीतून रोट्या आणायला गाडी काढली. रोट्या गार व्हायच्या आत परतलो, तर शिरीषाच्या झाडाखाली, माझ्या जागेवर, बहगतची गाडी!
समोरच्या घरातला हा निवृत्त जकातवाला. त्याचीही पांढरी फियाट, माझीही. फरक एवढाच, की तो काचेवर खात्याचा जुना बिल्ला अजून मिरवतो. गॅलरीतून म्हणतो कसा, उस्ताद वजीह, रस्ता सरकारचा, सावली अल्लाची! अख्ख्या अलेक्झांड्रियात मला जागा मिळाली ती मासळीबाजारामागे.
सूड घेणार.

४ मे, पहाट
बहगत नमाजाला गेला. मशीद दोन गल्ल्यांवर, तरी गाडीने. लगेच जागा पटकावली. गाडीला कापडी कव्हर घातलं, दोऱ्या आवळल्या. आता ही गाडी हलणार नाही. बाजार, भट्टी, कॅफे सगळं पायी, नाहीतर सायकलवर. त्याची गाडी मागच्या गल्लीत उन्हात तापू दे. रंगाचे पोपडे निघू देत.
नाहिदने विचारलं, मग किल्ली मी ठेवू का? म्हटलं, ठेव. बायको समजूतदार आहे.

९ मे
दोन्ही टाचांना फोड. टोमॅटोची पिशवी घरापर्यंत आली, तेव्हा आत सॉस झालेला. हरकत नाही. गच्चीवरून खाली पाहिलं. मागच्या गल्लीत पांढरी फियाट रणरणत्या उन्हात. डोळे निवले.

१३ मे
नुसतं ऊन पुरेसं नाही. गच्चीवरच्या खुराड्यातली कबुतरं सोडली आणि मूठभर दाणे खाली त्या फियाटवर भिरकावले. कबुतरांनी आपलं काम चोख केलं. रोज करणार.

१८ मे
कॅफेत सगळ्यांना सुनावलं, चार पावलांसाठी गाडी काढणारा माणूस आळशी, शिवाय चोर. लोक एकमेकांकडे बघून हसले. जळतात.
नाहिदवरही माझा परिणाम दिसतोय. बहिणीकडे जाऊन तासाभरात परत, अंगावर घामाचा थेंब नाही. चालण्याने प्रकृती सुधारते ती अशी.
बहगत हल्ली छातीवर हात ठेवून सलाम करतो. शरण आला.

२६ मे
कव्हर काढून धुतलं असतं, पण तेवढ्यात कोणी जागा घेईल. म्हणून आहे तिथेच बादलीभर पाण्याने घासलं. बहगत वरून म्हणाला, अल्ला तुमचे हात सलामत ठेवो. टोमणा असणार. चांगलाच झोंबलेला दिसतो.

२९ मे, दुपार
सायकलचं चाक ट्रामच्या रुळात गेलं, मी रस्त्यावर. कसाबसा घरी पोचलो, गुडघा भोपळ्याएवढा. नाहिद म्हणाली, दवाखान्यात नेते, गाडी आणते. मी ओरडलो, खबरदार! लंगडत खाली उतरलो, गाडीला टेकून पहारा देत उभा राहिलो. वाळूचं वारं सुटलं होतं. कव्हर उडालं. काचेवर जकात खात्याचा बिल्ला.
मागच्या गल्लीतून हॉर्न. नाहिद माझ्या फियाटमध्ये. छतावर पांढरं-हिरवं लिंपण.
म्हणाली, बहगतभाईंना सावली हवी होती, मला गाडी, आणि तुम्हाला तर चालायचंच होतं. बसा आता. आणि हो, रोज घासून हात मोडायची वेळ आली, कोण मेला वरून दाणे टाकतो, जरा लक्ष ठेवा.
मागे बसलो. बहगत खाली आला, माझं कव्हर त्याच्या गाडीवर नीट ओढलं, दोऱ्या बांधल्या.
गच्चीवरून कबुतरं आली. ओळखीने आमच्या मागोमाग दवाखान्यापर्यंत.