कोंडिबाची हनवटी

पाली, ता. वेल्हे
२१ नोव्हेंबर १९७९

चि. कोंडिबा,

अक्काचा आशीर्वाद. हितं समदी खुशाल हायेत. तू येईस्तवर मी सासरी जात न्हाई. भात झोडून झालं, पेंढा रचायचा ऱ्हायलाय. तुझी तांबडी गाय मला लाथा मारती. तिला तुझ्याच हाताची सवय.

दवाखान्यातनं तुझ्या कारभारणीनं, फुलाबाईनं, धाडलेलं पत्र तीनदा वाचलं. माझं डोकं चालंना बाबा. घोरतोस तू, झोपंत दम अडकतो तुझा, आन पुण्याचा डॉक्टर कापणार जबडा! म्हणं हनवटी मागं ऱ्हायली म्हणून जीभ घशात पडती, जबडा पुढं सरकवला की वाट मोकळी. बैलामागं चालता चालता तू डुलक्या घ्यायचास, आमी आळशी म्हणायचो. आता काय म्हणावं?

डॉक्टर इचारतात, हनवटीला ल्हानपणी मार बसला का जल्मापासनंच अशी? पडून सांधा जखडला आसंल तर आधी तो सोडवावा लागंल म्हणं. तू सांगितलंस, तू पोटात असताना आईनं ग्रहणात भोपळा चिरला, म्हणून. समद्या गावाला बी तेच ठावं हाय.

भोपळा तिनं चिरला हुता. ते खोटं न्हाई. पण कोंडिबा...

तू दीड वर्साचा, मी आठ वर्साची. आई तुला माझ्याकडं ठिवून भाताच्या लावणीला गेलेली. म्या तुला जोत्याच्या कडंला बसवलं आन सागरगोटे खेळत बसले. तू खाली दगडावर हनवटीवरच आपटलास. रगत आलं न्हाई. दोन दिवस गाल सुजला, आईला वाटलं गालफुगी, तिनं लेप लावला. मी गप. पुढं हनवटी वाढंना, तोंड दोन बोटांच्या वर उघडंना, तवा आजी म्हणाली, ग्रहण! आईनं मान खाली घातली. मरस्तवर वर केली न्हाई.

त्या विळीवरनं तू तिला काय काय बोललास. मी तितंच हुते, भाकरी थापत.

पडल्यानं झालं का ग्रहणानं, मला खरंच कळत न्हाई रे. दोन्हीनं बी आसंल. पण पत्र मिळाल्या मिळाल्या डॉक्टरला सांग, पडलो हुतो. सोमवारी जबडा कापायच्या आत सांग.

दीड महिना दात तारंनं बांधणार, बोलता येणार न्हाई. तवर आईला मनातल्या मनात काय सांगायचं ते सांग. तोंड उघडलं की पयली शिवी मला दे. मी यष्टीनं येती ऐकायला.

तवर तरी तुझीच,
अक्का