प्रोफेसर झ्लातान यांची सुवर्णपुस्तिका

वार्ना, ९ फेब्रुवारी २०११

ती. वेनेतामावशीस,
कालोयानचा शि. सा. न. वि. वि.

विषयात ‘सोनं’ हा शब्द दिसला की तू ईमेल न उघडताच उडवतेस, म्हणून हे कागदावर. माझ्या नोकरीचं हॉटेल मेपर्यंत बंद आहे आणि मी घरी. परवा देसिस्लावाच्या वडिलांनी सूप ओरपता ओरपता सहज विचारल्यासारखं विचारलं की त्यांचा होणारा जावई हिवाळाभर नक्की काय करतो. मी म्हटलं, संगणकावर काम.

ते अगदीच खोटं नाही. तू इंटरनेटवर खेळतेस तोच ‘सात बुरूज’ हा खेळ हल्ली मीही खेळतो. त्यात नाणी कशी कमवायची हे शिकवणारी पुस्तकं लोक खऱ्या पैशांना विकतात. प्रत्येक लेखक सांगतो की बाकीचे लबाड आहेत. मी तीन घेतली. पहिल्यात लिहिलंय, स्वस्तात घ्या आणि महागात विका. दुसऱ्यातही तेच आहे, पण चित्रांसकट. तिसऱ्यातली निम्मी पानं लेखकाच्या मोटारीबद्दल आहेत. तू कारखान्यात सत्तावीस वर्षं डबाबंद भाज्यांचे डबे तपासलेस. चांगलं पुस्तक ओळखायचं कसं, ते तूच सांग.

गुडघ्याची काळजी घे. लोभ आहेच, तो पुढेही चालू दे.

तुझा,
कालोयान

सेवलिएवो, १ मार्च २०११

चि. कालोयान यास,
मावशीचे अ. आ. तीन पुस्तकं घेतलीस म्हणून त्यातला एक कमी केला आहे.

सोबत एक मार्चचा, वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा पाठवते, मिळताच मनगटाला बांध.

डबा हातात आला की आम्ही आधी तारीख बघायचो. हा खेळ दर दोन महिन्यांनी बदलतो. काल ज्या मुळीला भाव होता ती आज कोणी फुकटही उचलत नाही. तारीख नसलेलं पुस्तक म्हणजे फुगलेला डबा, तो उघडूसुद्धा नये. मग बघ, लेखक स्वतः खेळतो का, आणि कोणत्या नावाने. एखादं पान आधी वाचायला देतो का? आपलं कुठे चुकलं हे कबूल करतो का? तासाला पाच हजार म्हणणाऱ्याला विचार, कितव्या पातळीवर आणि कोणत्या वारी. पैसे परत देऊ म्हणतो, तर त्याच्या अटी वाच, चष्मा लावून वाच. आणि दहा पुस्तकांची तुलना करणारा निष्पक्ष परीक्षक भेटला, तर त्याने पहिला नंबर कोणाला दिलाय ते बघ. बहुधा घरचाच माणूस निघतो. मुख्य म्हणजे डोकं वापर. हजार जणांना एकच मुळी उपटायला धाडलं तर भाव राहील का? इंटरनेटवरच्या खेळाडूंच्या फळ्यावर हे सगळं फुकट सांगतात, फक्त त्यांचं शुद्धलेखन सोसावं लागतं.

आमच्या संघात मेतोदी म्हणून एक आहेत, पेर्निकचे निवृत्त खाणकामगार. खेळातही खाणच खोदतात. मी विचारलं, पुरे झालं नाही का? तर म्हणे, इथे धूळ नाही. आम्ही दोघं दोन वर्षं नाणी साठवतोय, जहाज घ्यायला. खेळातलंच रे! तुझ्या आईला सांगू नकोस, ती माझ्यासाठी लग्नाचं कापड बघायला लागेल.

जेवणाच्या वेळा पाळ. माया आहे, फार ताणू नकोस.

तुझी,
वेनेतामावशी

वार्ना, २ एप्रिल २०११

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी भिंतीवर चिकटवलंय. चौथं पुस्तक घेतलं नाही, शप्पथ. आता मीच लेखनाचं काम धरलंय आणि ते झकास चाललंय. देसिस्लावाच्या वडिलांनी शेजाऱ्यांशी ओळख करून देताना मला लेखक म्हटलं, आणि पहिल्यांदाच माझ्या ताटात मोठा तुकडा वाढला. साखरपुडा सप्टेंबरात करू म्हणतात.

एक सहज शंका. तुझ्यासारख्या तपासनिसालाही फसवेल असा डबा कधी आला होता का? आला असेल तर त्यात काय काय बरोबर होतं? नुसतं कुतूहल म्हणून विचारतोय. तुझ्या पत्रातलं वाक्यन् वाक्य उपयोगी पडलं.

असाच जीव लावत राहा.

तुझा,
कालोयान

सेवलिएवो, २६ एप्रिल २०११

कालोयान यास,
ईस्टरची लाल अंडी तुझ्या आईकडे दिली आहेत. आशीर्वाद या खेपेला नाहीत, त्याचं कारण वाच.

मेतोदींनी एकोणचाळीस लेवा मोजून ‘प्रोफेसर झ्लातान यांची सुवर्णपुस्तिका’ घेतली. आंधळेपणाने नाही हं, मी शिकवलेल्या सगळ्या कसोट्या लावून. पानापानावर तारीख. नमुन्याचं पान उघडं. ‘माझं कुठे चुकलं’ नावाचा रडवणारा धडा. निष्पक्ष परीक्षकही होता. तो आधी बजावतो की पहिला नंबर कोणाचा ते बघा, आणि मग पहिला नंबर झ्लातानला देतो!

पुस्तिकेने सांगितलं, सगळी नाणी निळ्या गंधकात घाला. मेतोदींनी दोघांची मिळून साठ हजार घातली. चार दिवसांनी खेळ बदलला आणि निळा गंधक प्रत्येक दुकानदार कवडीमोलाने विकायला लागला. जहाज गेलं. त्यानंतर मेतोदी खेळात माझ्यासमोर आलेलेच नाहीत. जाण्याआधी त्यांनी पुस्तिका मला पाठवली आणि लिहिलं, माझी चूक कुठे झाली तेवढं सांगा. पैसे परत मागायचे तर अट अशी आहे की सगळी पानं हाताने तीनदा उतरवून पाठवावीत. त्यांची बोटं खाणीत गेलीत रे.

मी वाचायला बसले. सातव्या पानावर फुगलेला डबा भेटला. प्रोफेसरांना डब्यांची एवढी माहिती कुठून, म्हणून पुढे वाचलं, तर माझं अख्खं पत्रच छापलेलं. फक्त फुकटच्या फळ्याचं वाक्य तेवढं गाळलंय.

तुझ्या आईला कळवणार नाही. दुकान बंद कर. आणि मेतोदींची साठ हजार नाणी स्वतः खेळून, स्वतःच्या हातांनी मिळवून त्यांना दे. हवं तर तुझ्याच पुस्तकाप्रमाणे मिळव, मला बघायचंच आहे.

वेनेता

वार्ना, १२ जून २०११

ती. मावशीस,
मान खाली घालून शि. सा. न. वि. वि.

आधी चार दिवस माझ्याच पुस्तकाप्रमाणे खेळलो. तीनशे बारा नाणी झाली. मग फळ्यावर विचारलं, तर कोणीतरी अर्ध्या ओळीत सांगितलं की लोखंड खोद. उत्तरेच्या खाणीत गेलो तर तिथे मेतोदीकाका. तू तिकडे फिरकत नाहीस, म्हणून ते तिथे लपले होते. मी कोण ते सांगितलं नाही. पाच आठवडे आम्ही शेजारी शेजारी खोदलं. कोणती शीर आधी फोडायची ते त्यांनी शिकवलं. दर तासाला मला खुर्चीतून उठवून पाठ सरळ करायला लावायचे. खऱ्या खाणीत असं सांगणारा कोणी नव्हता, म्हणाले.

एकदा म्हणाले, संघातल्या एका बाईंची दोन वर्षांची मेहनत मी बुडवली, आता त्यांना तोंड कसं दाखवू? मावशी, तेव्हा माझा हात थांबला. मग मी पुढची शीर फोडायला लागलो, भित्रा आहे मी.

गुरुवारी साठ हजार दिली. घेईनात. शेवटी थाप मारली की मी प्रोफेसरांच्या कचेरीतला माणूस आहे, हे त्यांनीच पाठवलंय. तेव्हा घेतली.

दुकान बंद केलं. एकशे चाळीस गिऱ्हाइकांना कळवलं की पुस्तक टाकाऊ आहे, पैसे परत घ्या. बावीस जणांनी घेतले. बाकीचे विचारतात, हा एखादा गुप्त धडा आहे का? देसिस्लावाला खरं सांगितलं. तिने आधी किंमत विचारली. मग म्हणाली, बाबांनी दोन प्रती घेतल्यात. त्यांनाही सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, निळा गंधक पुन्हा वर जाईल का? साखरपुडा मात्र पुढे ढकललाय. मी परत रिसेप्शनवर बसतो.

रागावलीस तरी लिही. तुझ्या अक्षराची सवय झाली आहे.

तुझा,
कालोयान

सेवलिएवो, ३० जून २०११

चि. कालोयान यास,
मावशीचे अ. आ., सगळे.

मेतोदी रविवारी आले. सकाळच्या बसने, इस्त्रीच्या सदऱ्यात. पिशवीत मेंढीच्या दुधाचं चीज होतं. आम्ही माझ्या संगणकासमोर बसून जहाज घेतलं. नाव काय ठेवायचं यावर एक तास भांडलो.

आता ऐक. त्यांनी सगळ्या जगाला दिसेल असा अभिप्राय लिहिलाय. आधी सर्व गेलं, पण प्रोफेसर म्हणतात तसा धीर धरला, तर पै न पै परत आली. वर पाच तारे. तू दुकान बंद केल्यापासून पुस्तिकेला मागणी इतकी वाढली आहे की कोणी डॉक्टर झ्लातान ती एकोणसाठ लेवांना विकतोय.

मला राहवलं नाही. बीन्सचं सूप वाढलं आणि खरं काय ते सांगून टाकलं: खाणीत तुमच्याशेजारी खोदणारा तो माझा भाचा, आणि प्रोफेसरही तोच. मेतोदींनी चमचा खाली ठेवला, मिशी पुसली आणि खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, वेनेता, भाचा म्हणून तुम्ही कौतुक करा, पण मी त्या पोराबरोबर पाच आठवडे खोदलंय. कष्टाळू आहे, गुणी आहे. पण पुस्तक लिहिण्याइतकी लबाडी त्याच्या अंगात नाही.

मी पुन्हा वाद घातला नाही. पुढच्या रविवारी तू ये आणि तूच त्यांना पटवून दे. नाही पटलं तर जेवून जा. देसिस्लावालाही आण.

लोभाचं काय, तो कमी करायला गेले आणि जमलं नाही.

तुझी,
वेनेतामावशी