शेवटच्या रांगेतून

चाचा,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. उर्दू तेवढं यायचं, तेही चष्मा सापडला तर. आरटीओचा कागद असो की एखाद्या प्रवाशाचं पत्र, मीच वाचून दाखवायचो आणि तुम्ही ऐकता ऐकता गाडीची काच पुसत राहायचात. म्हणजे तुम्ही असतात तर हेही मलाच तुमच्यापुढं उभं राहून वाचावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं. तुम्ही नाही आहात म्हणूनच लिहायला बसलो. चालत्या गाडीत लिहितोय, अक्षर हलून राहिलंय. ज्या अक्षरावरून तुम्ही मला 'मुन्शी' म्हणून चिडवायचात ते हे नव्हे.

मी आज कोण आहे ते आधी सांगतो, कारण बघायला तुम्ही थांबला नाहीत. नांदेडला ऑफिस आहे, लातूरला आहे. गाड्या एसी आहेत, पुशबॅक सीटच्या. यात्रा तर आहेतच, शिवाय डॉक्टरांची अधिवेशनं, कारखान्याचे सोहळे, कॉलेजांच्या सहली, सगळं माझ्याकडं येतं. लातूरच्या एका कॉलेजात पर्यटन व्यवस्थापन शिकवतात, तिथं वर्षातून एकदा मला बोलावतात. दहावी झालेल्या माणसाला. इंग्रजी पुस्तकं मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली, कोणी शिकवलं नाही. पोरांना मी सांगतो, स्ट्रॅटेजी म्हणजे कुठल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं ते आधी ठरवून ठेवणं. पोरं लिहून घेतात. हे वाक्य माझं आहे, तुमचं नाही. 'नाही' तुम्हीही म्हणायचात, पण ठरवून नव्हे, तडकून. मुक्कामाला पोचायच्या आत माझा माणूस तिथल्या नळाला पाणी आहे का, संडासाच्या कड्या लागतात का, ते बघून येतो. बिनसाखरेच्या चहाची किटली वेगळी, तिला निळी दोरी. तुमच्या काळी साखर कोणाला चालते आणि कोणाला नाही हे चाचीला तोंडपाठ होतं आणि तेवढ्यावर धंदा चालायचा.

चाचीचं स्वयंपाकघर मात्र अजून डोळ्यापुढं आहे. उदगीरला स्टेशनच्या अलीकडं तुमचं अंगण, त्यात उभ्या दोन गाड्या, आणि मागं धुरानं काळं झालेलं ते घर. काशीची गाडी असो की रामेश्वराची, निघायच्या आदल्या दिवशी चाची धपाटे थापत बसलेली, अर्धापूरहून आलेल्या केळीचे घड दाराशी टांगलेले, आणि तुम्ही बॉनेट उघडून, डोळे मिटून उभे. इंजिन बघायचं नाही, ऐकायचं, हे तुमचं. चालत्या गाडीत मागच्या चाकाचा कुठला नट ढिला झालाय ते तुम्ही कानानं सांगायचात, आणि उतरून बघावं तर तोच नट. मी पहिल्यांदा मॅनेजर म्हणून निघालो तेव्हा चाचीनं जुन्या गादीतला कापूस काढून एक छोटी उशी शिवली, केबिनमधल्या माझ्या सीटवर ठेवायला. "दिवसभर उलटं वळून लोकांशी बोलायचं म्हणजे कंबर जाते रे बाबा," म्हणाली. ड्रायव्हरच्या शेजारची ती एक सीट. तुम्ही चालवणार, मी बघणार. मला वाटलं, आता हे असंच राहणार.

आणि तुमचं ते 'सरको'. रोज सकाळी गाडी निघायच्या आधी तुम्ही दारातून ओरडायचात, "सरको भई सरको!" की प्रत्येक रांग एकेक मागं सरकायची आणि शेवटची रांग उठून सगळ्यात पुढं यायची. पुढची सीट कोणाच्या बापाची नाही. मागच्या चाकावरचे धक्के सगळ्यांच्या वाट्याला सारखे. बिलोलीच्या म्हाताऱ्या आणि देगलूरचे वकील एकाच हिशोबानं मागंपुढं. लोक हसत सरकायचे. मीही हसत सरकवायचो, त्या रामेश्वराच्या फेरीपर्यंत.

ती फेरी तुम्हाला आठवत असणार. बिलोलीकडचे ते बागायतदार, अर्धी गाडी त्यांच्याच भावकीनं भरलेली. दुसऱ्या दिवशी उप्पीट खाऊन झालं, तुम्ही ओरडलात, आणि ते पहिल्या रांगेतून उठेनात. "आम्ही काय मागं हादरे खायला आलोत का? ज्याला सरकायचं त्यानं सरकावं." मी विचार केला. खरंच केला, चाचा, घाबरलो नव्हतो. ह्या एका माणसाच्या शब्दावर पुढच्या हंगामाची एक पूर्ण गाडी भरते, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "बसा दादा, तुम्ही बसा." तुम्ही इंजिन बंद केलंत. किल्ली खिशात घातली, खाली उतरून चिंचेखाली बसलात आणि संत्रं सोलायला घेतलंत. मी धावत आलो तर म्हणालात, "गाडी नै हिलती." मी म्हणालो, "चाचा, लोक खोळंबलेत." "तो मैं क्या करूं? मुन्शीजी, तुमने बिठाया ना, तुम चलाव." संत्रं संपलं, दुसरं घेतलंत. शेवटी गाडीतल्या बायकाच त्या बागायतदाराला बोलायला लागल्या तेव्हा तो उठला. मला वाटलं, मिटलं. तर तुम्ही दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणालात, "तू पीछे. शेवटच्या रांगेत. घर येईपर्यंत."

माझ्या सीटवर, चाचीच्या उशीवर, क्लीनर बसला. मी मागं. रामेश्वर झालं, मदुराई झाली, कन्याकुमारी झाली, सगळे सरकत राहिले आणि मी एकटा तिथंच. कुणाला गोळी हवी असली, चहा कधी विचारायचा असला, तर लोक मान वळवून माझ्याकडं बघायचे आणि मग क्लीनरला विचारायचे. ज्या दिवशी ज्या म्हातारीची पाळी माझ्या शेजारी यायची ती काहीतरी बोलायची. एकीनं हातावर सुपारी ठेवली न् म्हणाली, "बस की निवांत. हितं वारं तरी लागतंय." तिच्या त्या बोलण्यावर आख्खी मागची बाजू हसली. मीही हसलो. तुम्ही आरशातून बघत होतात.

नंतर काय झालं तेही सांगतो, कारण तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत. पुढच्या हंगामात बिलोलीकडून एक माणूस आला नाही. ती सगळी भावकी नांदेडच्या दुसऱ्या गाडीवाल्याकडं गेली, त्यांच्यामागं आजूबाजूची गावं गेली. मी तुम्हाला म्हणालो, "चाचा, एकदा जाऊन भेटून या. चहा पिऊन या नुसता." तुम्ही म्हणालात, "कायकू? सीट के वास्ते माफी मांगूं?" मी म्हणालो, मग मला जाऊ द्या, नाही तर गाड्या उभ्या राहतील. तर ते नाही. एक गाडी उभी राहिली, मग दुसरी अर्धी भरून जायला लागली. मी सांगितलं तसंच झालं, शब्द न् शब्द. मी तुम्हाला 'बघा, म्हणालो होतो ना' असं एकदाही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

आणि मग तो दिवस. गाड्या विकत घ्यायला माणूस आलेला. तुम्ही अंगणात खुर्चीवर, दाराकडं पाठ. शेजारी तुमचे ते मोंढ्यातले दोस्त, धान्याचे व्यापारी. त्यांनी विचारलं, "अहो, बंद कशाला करून राहिलात? तुमच्या पोरी लग्न होऊन हैदराबादला गेल्या ते खरं, पण हा तुमचा मुन्शी हाय की." मी आतून चहा घेऊन निघालो होतो, चाचीनं दिलेला, स्टीलच्या ताटलीत काचेचे ग्लास. दारातच होतो. तुम्ही म्हणालात, "नै जी. चलाने वाला कोई नै."

चहा मी दिला. तुम्ही ग्लास घेतलात. एवढंच.

त्यानंतर मी माझी गाडी केली. तुम्ही गेलात तेव्हा मी ती गाडी घेऊन मदुराईत होतो. निरोप मिळाला, आलो नाही. लोक सोबत असताना यात्रा अर्धी टाकायची नाही, हे तुम्हीच शिकवलं होतं, तेव्हा त्याबद्दल मला बोलायचा हक्क तुम्हाला नाही. माझ्या गाडीत मी 'सरको' ठेवलं नाही. पुढच्या दोन रांगांचा दर जास्त, ज्याला परवडेल त्यानं बसावं, भांडण नाही, तंटा नाही. वर्षानुवर्षं हे व्यवस्थित चाललं. एवढी वर्षं मनातल्या मनात तुमच्याशी भांडताना मी एका गोष्टीत मात्र तुम्हाला सूट देत आलो. म्हटलं, त्यांची पाठ होती. मी दारात आहे हे त्यांना ठाऊक नसणार. पाहुण्यासमोर माणूस काहीही बोलून जातो.

आता माझी मॅनेजर. लातूरकडची, शेतकऱ्याघरची पोरगी, लग्नाच्या हॉलवर हिशेब बघायची तिथून मी आणली. सगळं तिला मी शिकवलं, निळ्या दोरीपासून. हल्ली फेऱ्या तीच नेते. मागच्या रामेश्वराहून ती परत आली आणि पाठोपाठ पुढच्या रांगेतल्या एका घरची तक्रार आली की आम्हाला रोज मागं सरकवलं. मी तिला सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "हे कोणी सांगितलं तुला?" ती म्हणाली, "कोणी कशाला सांगाय पाहिजे, सर? एक दिवस मागं बसून बघितलं. मागच्या आजींचं अंग खिळखिळं होऊन राहिलं होतं. मग लावलं सगळ्यांना सरकायला." मी म्हणालो, जास्तीचा दर घेतलाय आपण. "हाव सर. तेच चुकतंय आपलं." आपलं म्हणाली. तुमचं नाव तिनं कधी ऐकलेलं नाही. मी तिला नाही नाही ते बोललो, आणि तिनं मान खाली घातली नाही. पुढच्या महिन्यात मागं बसलेल्यांचेच फोन यायला लागले. आमच्या गावची गाडी करायची आहे, पण त्या ताई येणार असतील तर. तिनं ते फोन मला दाखवले नाहीत. ऑफिसात मला आपोआप कळलं. तिनं 'बघा सर' एकदाही म्हटलं नाही.

मग हैदराबादची ती कंपनी आली. मोठी आहे, त्यांना मराठवाडा हवाय. त्यांची दोन माणसं नांदेडच्या ऑफिसात बसली होती, गाड्या, नाव, सगळं विकत घ्यायचं बोलत होती. एकानं सहज विचारलं, "आपके बाद यहाँ कौन देखेगा?" मी म्हणालो, "चलाने वाला कोई नहीं." वर बघितलं तर ती दारात, त्यांना दाखवायचा लॅपटॉप हातात. तिनं तो टेबलावर ठेवला, वायर लावली, चित्र पडद्यावर नीट येतंय का बघितलं आणि गेली.

आणि आता ऐका. मला ठाऊक होतं. आमचा जिना लोखंडी आहे, तिच्या चपलांचा आवाज मी ओळखतो. ती वर चढत होती तेव्हाच मी ऐकलं होतं, आणि ती दारात पोचेपर्यंत थांबून बोललो. मग तुमच्या अंगणातली ती ताटली आठवली. काचेचे ग्लास एकमेकांवर वाजत होते, चाचा. ढिला नट कानानं ओळखणारा माणूस, त्याला आपल्या पाठीमागं दहा पावलांवर वाजणारे ग्लास ऐकू आले नाहीत, असं मी एवढी वर्षं मानत आलो. तुम्ही मला मुद्दाम ऐकवलंत. मी नालायक होतो म्हणून नव्हे. बिलोलीच्या बाबतीत मी बरोबर निघालो म्हणून. नालायक माणसाला कोणी असं ऐकवत नाही, त्याला हाकलून देतात. हे कळायला मला तिला ऐकवावं लागलं. ही तुमची शिकवण. तुमच्याकडून घेतलेल्या सगळ्या गोष्टींत एवढीच मी न बदलता वापरली.

हैदराबादच्या लोकांना मी या फेरीहून परत आल्यावर उत्तर द्यायचंय. विकलं तर ती जाईल, किंवा त्यांची नोकर होऊन राहील. तिनं मला काही विचारलेलं नाही. रामेश्वराची गाडी निघणार म्हणून मी म्हणालो, मीही येतो. ती म्हणाली, "या की सर. नाव घालते. पण सीट आपली ठरलेली राहणार न्हाई बरं का, सरकावं लागंल." आता कॉलेजात पोरांना सांगतो ते सगळं मी खिडकीशी बसून बघतोय. ती दारात उभी राहून ओरडत नाही, नुसती टाळी वाजवते, आणि लोक उठतात. केबिनमधल्या सीटवर तिची स्वतःची उशी आहे, जांभळी.

मी सरकत सरकत आज शेवटच्या रांगेत आलोय. तुमच्या बाबतीत माझा राग जराही कमी झालेला नाही, तो तसाच राहू दे. हे कागद कुठं टाकायचे नाहीत, उदगीरला तुमच्या कबरीवर तर मुळीच नाहीत. बॅगेत आहेत, बॅगेतच राहतील.

उद्या सकाळी हिशोबानं मी पुढं येणार, अगदी तिच्या सीटला लागून. तिथं बसलं की बोलावं लागतं. जेवणाच्या थांब्यावर मी तिला म्हणालो, "मला राहू दे मागंच, हितं वारं चांगलं लागतंय." ती हसली, "सर, सरकायचं म्हणजे सगळ्यांना." माझ्या शेजारची खिडकी मी नंतर चाचपून बघितली. एसी गाडी आहे, चाचा. ती उघडतच नाही.