सृष्टी गरड हिच्या ‘गैरहजर’ शेऱ्याबाबत

दिनांक : २० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. केंद्रप्रमुख तथा परीक्षा अधिकारी,
अ‍ॅनिमेशन व दृश्यकथा प्रशिक्षण केंद्र,
धाराशिव.

अर्जदार : हिंमतराव विठोबा गरड, वय ६९, सेवानिवृत्त प्रमुख कारागीर (एस.टी.), रा. परंडा, जि. धाराशिव.

विषय : नवीन लॅपटॉपच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधील वारंवार बिघाडामुळे कु. सृष्टी अमरसिंह गरड हिच्या अंतिम चित्रफितीपुढे पडलेला ‘गैरहजर’ शेरा रद्द करणेबाबत.

संदर्भ : आपल्या केंद्राचा दि. १७/११/२०२५ रोजीचा ई-मेल (दोन ओळी).

महोदय,

संदर्भीय ई-मेल मिळाला. त्यातील पहिल्या ओळीत सृष्टी गैरहजर असल्याचे व दुसऱ्या ओळीत तिने पुढील वर्षी पुन्हा प्रवेश घ्यावा असे नमूद आहे. त्याबाबत खालील हकीकत आपणासमोर ठेवणे अर्जदारास भाग आहे. अर्जदाराने एकतीस वर्षे बसगाड्यांच्या बिघाडाचे अहवाल लिहिले. त्यात ‘मी’ लिहिण्याची रीत नव्हती, म्हणून हा अर्जही त्याच रीतीने लिहिला आहे. लांबला असल्यास क्षमा असावी.

१. सृष्टी ही अर्जदाराची नात. तिचे आईवडील पुण्यात नोकरीस असल्याने ती दहावीपासून अर्जदार व अर्जदाराची पत्नी सौ. विठाबाई यांच्याकडे राहते. आपल्या केंद्रात ती वर्षभर परंड्याहून ये-जा करून शिकली. आपल्याच हजेरीपटावर तिचे एकूण तीन खाडे आहेत. दोन तापाचे व एक मावशीच्या लग्नाचा.

२. अंतिम परीक्षेसाठी तिने दोन मिनिटे चाळीस सेकंदांची चित्रफीत घेतली होती. भंगारात निघालेल्या एका बसच्या दिव्याच्या खोबणीत चिमणी घरटे करते आणि पिले उडेपर्यंत कारागीर ती बस हलवू देत नाहीत, अशी त्यातील कथा आहे. ही गोष्ट खरी असून अर्जदारानेच ती तिला लहानपणी सांगितली होती. चिमणीचे पीस न् पीस वेगळे हलले पाहिजे असा तिचा हट्ट. त्यासाठी ताकदीचे ग्राफिक्स कार्ड लागते आणि तसे कार्ड गेम खेळण्याच्या लॅपटॉपमध्येच मिळते, असे धाराशिवच्या दुकानदाराने सांगितल्यावरून दि. २ नोव्हेंबर रोजी तो लॅपटॉप घरी आणला. त्याच्या कळा लाल, निळ्या, हिरव्या अशा आळीपाळीने पेटतात. शेजारच्या मंडळींनी ते पाहून “पोरगी आता गेमच खेळणार” असे उद्गार काढले. सृष्टीने पहिल्याच दिवशी ते दिवे बंद केले.

३. चार दिवस यंत्र बरे चालले. दि. ६ रोजी सकाळी तिच्या चित्रांच्या प्रोग्रामने ड्रायव्हर जुना असल्याची सूचना दिली. अर्जदाराच्या आयुष्यात ड्रायव्हर म्हणजे खाकी कपड्यातला माणूस. त्यामुळे “ड्रायव्हर बदलावा लागेल, आजोबा” हे ऐकून अर्जदार क्षणभर गोंधळला. मग तिने समजावले, की पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागाला संगणकाचे म्हणणे समजावून देणारा हा एक प्रोग्राम असतो. तिने कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवीन ड्रायव्हर उतरवून बसवला. यंत्र बंद होऊन चालू झाले, चिमणी दिसली आणि अर्ध्या तासात पडदा काळा पडला. आत पंखा मात्र फिरत होता.

४. तेथून पुढचे दिवस एकसारखे गेले. सकाळी ती नवीन ड्रायव्हर काढून जुना बसवी, दुपारपर्यंत काम चाले, मग पडदा लुकलुके व काळा होई. पुन्हा पाहावे तर काढलेला ड्रायव्हर आपल्या जागी परत येऊन बसलेला असे. तो कोणी बसवला हे कळत नसे. दि. ८ रोजी लॅपटॉप कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला असता पलीकडच्या बाईंनी यंत्र बंद करून चालू करण्यास चार वेळा सांगितले व विचारले, “मॅडम, कोणता गेम खेळताना अडचण येते?” सृष्टी म्हणाली, “मी गेम खेळत नाही. मी चिमणी करतेय.” त्यावर, तक्रार नोंदवताना गेमचे नाव भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, असे कळवण्यात आले. शेवटी तिने मोटारींच्या शर्यतीच्या एका गेमचे नाव सांगितले. तक्रार नोंदली गेली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, की शर्यतीतील चित्रांचा दर्जा कमी ठेवून खेळून पाहावे. त्याखाली, आमची सेवा कशी वाटली याबद्दल पाचपैकी किती तारे द्याल, असा प्रश्न होता. सृष्टीने तो प्रश्न दोनदा वाचला, फोन पालथा ठेवला आणि ती अंगणात जाऊन बसली. विठाबाईंनी चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला.

५. अर्जदार इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगत असे, असा त्याचा लौकिक होता. या यंत्रापुढे तो चार दिवस नुसता बसून राहिला, हे नमूद करताना संकोच वाटतो. बिघाडाचे मूळ सापडले ते विठाबाईंना. दि. १० व ११ रोजी अर्जदाराच्या भागातील मोबाइलचा टॉवर बंद होता. त्या दोन्ही दिवशी लॅपटॉप एकदाही काळा पडला नाही. ११ तारखेला सायंकाळी टॉवर सुरू झाला आणि घटकाभरात पडदा गेला. त्या वेळी विठाबाई भाकरी थापत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “नेट न्हाय तवर पोरीचं काम झ्याक चालतंय. नेट आलं की काळं व्हतंय. एवढं तुमाला कळंना व्हय? आन् म्हनं मुख्य मिस्त्री!” सृष्टी ताडकन उठली. तिने आजीच्या पीठभरल्या हाताचा मुका घेतला. पाच दिवसांनी ती प्रथमच हसली.

६. दुसऱ्या दिवशी अर्जदार व सृष्टी लॅपटॉप घेऊन परंडा बसस्थानकाजवळील संगणक दुरुस्तीवाले श्री. अजहर यांच्याकडे गेले. विठाबाईंचे म्हणणे ऐकून ते म्हणाले, “चाचींनी बराबर पकडलंय.” यंत्राची मूळ प्रणाली नेट मिळताच आपल्या मर्जीने स्वतःजवळचा ड्रायव्हर आणून बसवते व दोन्हींची आत मारामारी होते, असे त्यांनी सांगितले. त्यांनी नेट तोडून, यंत्र सेफ मोड नावाच्या अवस्थेत सुरू करून, दोन्ही ड्रायव्हर मुळासकट काढले. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने याच मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर बसवला आणि प्रणालीने आपोआप ड्रायव्हर आणू नये अशी तजवीज केली. निघताना ते अर्जदारास म्हणाले, “काका, लॅपटॉप कंपनीचाच ड्रायव्हर चालंल याला. दुसऱ्या कुणाचा नको.” हे वाक्य अर्जदाराने नीट ध्यानात ठेवले. पुढील कलमात त्याचा परिणाम येतो.

७. चित्रफितीसाठी एकूण ३८४० चित्रे यंत्राला एकेक करून पक्की उमटवावी लागतात (याला ‘रेंडर’ म्हणतात). मधे बिघडलेली दृश्ये सृष्टीला पुन्हा करावी लागली, त्यामुळे हे काम शेवटच्या दिवसापर्यंत चालले. दि. १५ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी सव्वा वाजण्याच्या सुमारास ३५१२ चित्रे झाली होती. उरलेली साडेतीनपर्यंत होऊन, आवाज जोडून, पाचच्या मुदतीच्या आत आपल्या संकेतस्थळावर चढवता आली असती. केंद्राची काही नवी सूचना आहे का हे पाहण्यासाठी तिने थोडा वेळ नेट जोडले होते. पाच दिवस ती धड झोपली नव्हती. विठाबाईंनी आग्रह केला तेव्हा ती म्हणाली, “अर्धा तास पडते. आजोबा, तुम्ही बसा यंत्रापाशी.” आणि तिथेच चटईवर तिचा डोळा लागला.

अर्जदार खुर्चीवर बसला होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट आली. त्यावर लॅपटॉप कंपनीची खूण होती आणि नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर तयार आहे, आता बसवायचा का, असे विचारले होते. खाली ‘होय’ व ‘नंतर’ अशी दोन बटणे. अर्जदाराला अजहर यांचे म्हणणे आठवले. ही चौकट लॅपटॉप कंपनीचीच होती. गाडीची सर्व्हिस चुकवायची नाही, ही एकतीस वर्षांची सवय. पोरीला उठवावे असेही मनात आले, पण ती इतकी गाढ झोपली होती की तिच्या बोटांत धरलेला चित्रे काढण्याचा पेन तसाच होता. अर्जदाराने ‘होय’ दाबले. कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने दाबले.

पडदा एकदा लुकलुकला. उमटणारी चिमणी अर्धी राहिली. मग सर्व काळे झाले.

८. सृष्टी पंख्याच्या आवाजाने जागी झाली. तिने पडदा पाहिला व विचारले, “आजोबा, कशाला हात लावला?” अर्जदार म्हणाला, “न्हाय गं. आपोआप झालं.” सदर उत्तर खोटे होते. सेवाकाळात अर्जदाराने अनेक अहवाल लिहिले. खोटा एकही लिहिला नाही. या वयात, स्वतःच्या नातीपुढे, ते पहिल्यांदा घडले.

या वेळी सेफ मोडही येईना. चित्रे आत अडकलेली, त्यामुळे दुसऱ्या यंत्रावर नेण्याचीही सोय नव्हती. श्री. अजहर वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बार्शीस गेले होते, ते संध्याकाळी परतले. तोवर पाच वाजून गेले होते. पाचला सृष्टी लॅपटॉपसमोर बसलेली होती. त्या काळ्या पडद्यात तिचा चेहरा दिसत होता. ती रडली नाही. अर्जदाराला तिचे न रडणे सोसले नाही, म्हणून तो उगाच बाहेर जाऊन दाराची कडी तपासत राहिला.

रविवारी सकाळी श्री. अजहर यांनी दुसरा पडदा जोडून यंत्र चालू केले. आतील नोंदी वाचून ते म्हणाले, “शनिवारी एक वाजून बावीस मिनिटांनी कुणीतरी होय दाबलंय.” खोलीत तिघे होते. अर्जदार मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा सृष्टी लगेच म्हणाली, “मीच दाबलं असणार, झोपेत.” श्री. अजहर यांनी एकदा तिच्याकडे व एकदा अर्जदाराकडे पाहिले आणि ते पुन्हा कामाला लागले. त्या दिवशी ११ वाजून ४० मिनिटांनी चित्रफीत पूर्ण झाली. आपले संकेतस्थळ बंद झालेले होते. तिने केंद्रास जो ई-मेल पाठवला त्यात ‘तांत्रिक बिघाड’ एवढेच लिहिले. अर्जदाराचा उल्लेख केला नाही. घरीही तिने हा विषय आजतागायत काढलेला नाही. लॅपटॉप खोक्यात भरून तिने कपाटावर ठेवला आहे आणि दिवसभर ती आजीला शेंगा फोडू लागते. पुण्याचा एक स्टुडिओ आपल्या केंद्रातील उत्तीर्ण मुलांमधून नोकरीसाठी निवड करतो, ती दि. २८ रोजी आहे. त्याबद्दल विचारले तर म्हणते, “पुढच्या वर्षी बघू.” वीस वर्षांची मुलगी इतक्या थकलेल्या आवाजात बोलते, हे अर्जदारास ऐकवत नाही.

९. नियम सर्वांना सारखा असतो, हे अर्जदार जाणतो. उशीर झाला हे नाकारण्याचा हेतू नाही. उशिराबद्दल गुण कापावेत, हवे तितके कापावेत. तथापि सृष्टी गैरहजर नव्हती. सहा तारखेपासून सोळा तारखेपर्यंत ती त्या यंत्रासमोरून जेवणापुरतीच उठली. बिघाड अहवालात जबाबदार व्यक्तीचे नाव लिहिण्याचा एक रकाना असतो. आपल्या नोंदवहीत तसा रकाना असल्यास त्यात हिंमतराव विठोबा गरड हे नाव लिहावे, नसल्यास शेऱ्याच्या जागी लिहावे. चित्रफीत सोबतच्या पेन ड्राइव्हवर आहे. ती २८ तारखेपूर्वी एकदा पाहावी, एवढीच विनंती. पाहिल्यावर जो निर्णय होईल तो मान्य राहील.

१०. हा अर्ज पाठवण्यापूर्वी सृष्टीस वाचावयास दिला होता. तिने ‘रेंडर’विषयीची एक चूक दुरुस्त केली, शुद्धलेखन तपासले आणि पेन ड्राइव्ह स्वतः आणून दिला. त्यानंतर तिने कलम ७ वर बोट ठेवून म्हटले, “हे खोडा, आजोबा. बाकीचं राहू द्या.”

अर्जदाराने ते खोडलेले नाही.

कळावे, आपला वेळ घेतल्याबद्दल दिलगीर,

आपला नम्र,

(सही)
हिंमतराव विठोबा गरड
परंडा

सोबत :
१) पेन ड्राइव्ह एक (चित्रफीत, २ मिनिटे ४० सेकंद)
२) लॅपटॉपमधील दि. १५/११/२०२५, दुपारी १.२२ च्या नोंदीची छापील प्रत
३) श्री. अजहर यांचे दुरुस्तीचे पत्र
४) लॅपटॉप कंपनीकडील तक्रारीची प्रत (गेमचे नाव दुर्लक्षावे)