छपराच्या वर वीतभर

तळ्याकाठचं मैदान,
२ मे

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. आई खुशीत आहे, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तू पुढचं निवांत वाचशील. इथे फोन लागत नाही, आणि लागला असता तरी आईला त्यातलं ऐकू येत नाही. तेव्हा पत्रांवरच भागवायचं. मैदानाचा रखवालदार एक दिवसाआड सायकलवरून टपाल नेतो-आणतो.

ही चाकांवरची खोली मी घेतली तेव्हा तू तिला डबी म्हणाली होतीस. ते नाव आता पक्कं झालंय. दोन खाटा, एक मोरी, एक शेगडी, आणि उभं राहिलं की डोकं छपराला. गाडीमागे जोडून इथवर आणताना मी तीनदा रस्ता चुकले, पण आईला चुकलेले रस्तेच जास्त आवडले. सकाळी ती आठपर्यंत झोपते. मग पाण्यात पाय सोडून बसते. शेजारच्या तंबूत एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याशी तिची गट्टी जमलीय. पत्त्यांत त्यांना रोज हरवते, चक्क लबाडी करून.

पण दुपार वैरीण आहे. दोन वाजता दार उघडलं की भट्टीचं झाकण काढल्यासारखं होतं. काल मेणबत्तीने मान टाकली, आज लोण्याचं तेल झालं. आई म्हणते, भूगोल शिकवून पोट भरणाऱ्या मास्तरीणबाईंना सूर्य कुठे मावळतो ते ठाऊक नाही, कारण मी मोठी खिडकी नेमकी पश्चिमेला करून डबी उभी केली. तिनेच सुचवलं की मोठीला विचार, सावलीची कापडं शिवणं हा तिचा धंदा आहे. तर ताई, छपरावर घालायला काहीतरी शिवून पाठव. छप्पर नऊ फूट लांब, सहा फूट रुंद.

लोभ आहेच, डबीत मावेल तेवढा वाढवावा.
तुझी,
भिंगरी

*

दुकान,
६ मे

चि. भिंगरीस अ. उ. आ.

आई आठपर्यंत झोपते हे वाचून मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, दुसऱ्या कोणाचं पत्र चुकून आलं की काय. माझ्याकडे अकरा वर्षं ती पहाटे पाचला उठून भांडी वाजवते. पत्त्यांचं म्हणशील, तर मी डाव मांडला की तिचे डोळे दुखायचे. आता बरे झालेले दिसतात. तळ्याचं पाणी डोळ्यांना चांगलं असेल.

असो. आता कामाचं. डबी आधी फिरव, मोठी खिडकी उत्तरेला कर. शेगडी बाहेर झाडाखाली मांड, आत काहीही शिजवू नकोस. काचांना चकचकीत कागद लाव, पण बाहेरून. ऊन काचेतून आत आल्यावर त्याला अडवण्यात काय शहाणपण? छपरावरची झडप उघडी ठेव आणि सावलीच्या बाजूची खालची खिडकी उघड. गरम हवा वरून निघून जाते, गार खालून येते. पंखा त्या खालच्या खिडकीतच ठेव. एवढं कर, तोवर मी शिवते.

आईची रक्तदाबाची गोळी सकाळी, खाल्ल्यानंतर. ती घेतली म्हणून सांगते आणि उशीखाली ठेवते, तेव्हा उशी तपासत जा. मशीनशेजारची तिची खुर्ची रिकामी आहे. समोरचा चष्मेवाला रोज विचारतो, आई कधी येणार. मी सांगते, महिनाअखेर. नव्याचे नऊ दिवस असतात, हे मी त्याला सांगत नाही, पण तुला सांगते. तिची खोली रोज झाडून ठेवते.

माझी आठवण काढते का ती? काढत नसेल, तर काढते असं लिही.

लोभ सगळा तुमच्याकडेच आलाय. उरला तर थोडा इकडे पाठवावा.
ताई

*

तळ्याकाठचं मैदान,
११ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं सगळं केलं. डबी फिरवायला आम्हा तिघींना तासभर लागला. आई रुमाल हलवत हुकूम सोडत होती आणि मी नि डॉक्टरीणबाई ढकलत होतो. दुपारी पुष्कळ फरक पडतो. पण छप्पर पत्र्याचं, ते तापतंच. तुझ्या कापडाची वाट पाहतोय.

आठवण काढते का म्हणून विचारतेस? चहा ठेवला की मोठी एवढा उकळत नाही. चादर घातली की मोठीची घडी बघ. दिवसातून वीस वेळा मोठी, मोठी! माझे कान किटले. तेव्हा जळायचंच असेल तर जरा मलाही जळू दे.

आता एक बातमी. काल पाय पाण्यात सोडून बसलेली असताना आई म्हणाली की फार दिवसांनी मोकळं वाटतंय. उन्हाळा संपला की ती माझ्याकडेच राहायला यावं म्हणते. मी हो म्हटलं. अकरा वर्षं तू केलंस, आता तुलाही सुटका नको का? दुकान तुझ्या नावावर आहेच, मशीनही. तुला हातपाय पसरून राहता येईल. कळव काय ते.

लोभात भागीदार चालत असेल तर माझं नाव लावावं.
भिंगरी

*

दुकान,
१४ मे

चि. भिंगरीस अ. उ. आ.

बातमी वाचून आनंद झाला. खरंच झाला. आईला जिथे बरं वाटेल तिथे तिने राहावं, यात मी बोलणारी कोण? माझी काळजी करू नये. सुटका मिळालीच आहे तर हातपाय पसरीन.

सोबत कापड पाठवलंय. गडद हिरवं, जाड, दहा वर्षं फाटणार नाही. कडेला रिंगा आहेत, त्यांतून नाडे ओवून खाली चाकांना घट्ट बांध. छपराला अगदी चिकटून बसलं पाहिजे. मधे हवा शिरली तर फडफडेल आणि आईची झोप मोडेल. तिची झोप आता महत्त्वाची.

लोभ कोणावर किती, ते ठरलेलंच दिसतंय. मी काय लिहू?
ताई

*

तळ्याकाठचं मैदान,
२१ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, आई आता बरी आहे. हे मुद्दाम पहिल्या ओळीत लिहिलंय.

तुझं कापड सतराला मिळालं. टोपी बसावी तसं बसलं. मी खूश होते, पण दुसऱ्याच दिवसापासून आत जास्त उकडायला लागलं. मला वाटलं, उन्हाचाच जोर वाढला. झडप कापडाखाली झाकली गेली होती, तेही माझ्या लक्षात आलं नाही. परवा मी म्हटलं, काढून बघूया, तर आई हटून बसली. मोठीच्या हातचं आहे, काढायचं नाही. काल दुपारी मी पाणी भरायला गेले. ती डबीत एकटीच पत्ते मांडून बसली होती. परत आले तर पत्ते जमिनीवर आणि आई खाटेवर आडवी, डोळे उघडे पण ओळख नाही. डॉक्टरीणबाई धावत आल्या. तिला झाडाखाली आणलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, घोट घोट पाणी पाजलं. अर्ध्या तासाने तिने विचारलं, डाव कोणी मोडला. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

डॉक्टरीणबाई म्हणतात, गारव्याची सोय करा नाहीतर घरी न्या. ताई, माझं चुकलं. मला हौस फार आणि अक्कल कमी. तू सांभाळलंस ते अकरा वर्षं, मला तीन आठवडे जमलं नाही. येत्या रविवारी तिला तुझ्याकडे आणून सोडते. पुन्हा मागणार नाही.

लोभ ठेव, जमलं तर.
भिंगरी

*

दुकान,
२३ मे
(तातडीच्या टपालाने)

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं काहीही चुकलेलं नाही. हे पत्र खाली बसून वाच.

छपरावरचं कापड छपराला टेकवायचं नसतं. मी बारा वर्षांची असताना आईने मला शिकवलेला हा पहिला धडा. वीतभर वर ताणायचं, मधून वारा वाहता ठेवायचा. टेकवलं की ती सावली राहत नाही, पांघरूण होतं. आणि रंग पांढरा. पांढऱ्या कापडाचा तागा माझ्या मागच्या फळीवर होता. मी उठून हिरवा काढला. चार कोपऱ्यांना काठ्या अडकवायचे चार खिसे शिवले होते. तुझं अकरा तारखेचं पत्र आलं, आणि मी ते बसून उसवले.

तिचा जीव धोक्यात घालायचा नव्हता. एवढंच वाटलं होतं की तिला तिथे जरा उकडावं. जरा नकोसं व्हावं, आणि इथल्या खिडकीतला वारा आठवावा. तुझ्या हातून तिला काहीतरी कमी पडावं, असं मला वाटलं. तुझा फार हेवा वाटला, भिंगरी. मी अकरा वर्षं राबले आणि तू तीन आठवड्यांत तिला हसवलंस. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तशी झाले. तुझ्या पत्रातलं ते डोळे उघडे पण ओळख नाही, ते वाचल्यापासून मशीनवर पाय ठेववत नाही. एकदाच ठेवला, हे नवं कापड शिवायला.

पांढरं आहे, खिसे चार, प्रत्येक दोनदा शिवलाय. झडपेच्या जागी भोक ठेवून वर वेगळी झापड लावलीय. काठ्या तिथे मिळतील. छपरापासून वीतभर वर, विसरू नकोस. हिरवं जाळून टाक.

आईला हे दाखवू नकोस. नाही, दाखव. रविवारी माझ्यासाठी म्हणून तिला आणू नकोस. तिला यायचं असेल तरच आण.

लोभ मागायला तोंड नाही.
ताई

*

तळ्याकाठचं मैदान,
२८ मे

चि. मोठीस अनेक आशीर्वाद.

भिंगरीने तुझं पत्र वाचून दाखवलं. रडत रडत वाचलं, त्यामुळे अर्धं मला ऐकू आलं नाही. मग मी चष्मा लावून स्वतः वाचलं.

त्यात मला नवं काही नव्हतं. पार्सल उघडलं तेव्हाच मी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं होतं. उसवलेल्या टाक्यांची भोकं लागली. चारही कोपऱ्यांना, सरळ रेषेत, तुझ्याच टाक्याच्या मापाची. चाळीस वर्षं शिवण केली मी, टाका कोणाचा आणि का काढला ते मला कळतं. भिंगरीला बोलले नाही. आता खरं लिहिते, लाज वाटते तरी लिहिते. मला बरं वाटलं. माझी ही मुलगी तोंडातून शब्द काढत नाही, पण मी दुसरीकडे रमले तर तिच्या पोटात एवढं दुखतं, म्हणून मी त्या कापडाखाली ऐटीत बसून राहिले. काढू दिलं नाही. तेव्हा चक्करेचा अर्धा दोष म्हातारीच्या हट्टाला लाव. सगळा आपल्याकडे ओढू नकोस, तुझी ती खोडच आहे.

आणि तुझी पत्रंही मी सगळी वाचली आहेत. मी पाचला उठून भांडी का वाजवते, हे अकरा वर्षांत कधी विचारलंस? तू झोपलेली असतेस तेव्हाच मला त्या घरात काम करता येतं. तू उठलीस की मला खुर्ची. सुई हातातून काढून घेतलीस. चहा मागायच्या आत समोर. आणि पत्त्यांचं म्हणशील तर डोळे माझे कधीच दुखले नाहीत. तू मुद्दाम हरायचीस. डॉक्टरीणबाई भांडतात माझ्याशी, पानं ओढून घेतात, तशी मजा यायला हवी. तू मला जपतेस, पण कापड टेकवून जपतेस. धडा तुलाच दिला होता मी.

जूनअखेर मी घरी येईन. भिंगरीकडे कायमची राहणार म्हटलं ते त्या दिवशी पाणी छान होतं म्हणून. येईन तेव्हा खिसे शिवायचं काम माझं, आणि सुई काढून घेतलीस तर मी परत तळ्यावर जाईन.

नवं कापड लागलं. दुपारी पारा चांगला उतरलाय आणि आम्ही आतच डाव मांडतो. हिरवं जाळलं नाही, चिखलाच्या पायांसाठी दाराशी अंथरलंय. पण एक अडचण आहे. भिंगरीची वीत चिमणीएवढी आणि माझी वयाने आखडलेली. कापड छपराला चार बोटं जवळच राहिलंय. माप तुझ्याच वितीचं लागेल. दुकान आठ दिवस बंद ठेवून ये. खाटा दोनच आहेत, तिसरीची बाहेर झाडाखाली सोय करू.

लोभ आहेच तुझा, तो फक्त टेकवू नकोस.
आई

*

दुकान,
३१ मे
(कार्ड)

ती. आईस सा. न.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. चष्मेवाल्याकडे किल्ली दिलीय. पत्ते आणते, आणि या वेळी हरणार नाही.

भिंगरीला सांग, बाहेर झाडाखाली तिने झोपावं. ती चार आठवडे आत झोपलीय. माझी खाट तुझ्या खाटेशेजारी हवी. वीतभर सोडून.

मोठी