बटणांचा फोन

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं असेलच. आत नवा फोन आहे. भिऊ नकोस, चावत नाही. तुझ्या त्या ठोकळ्याचं नेटवर्क जूनअखेर बंद होणार, असं कंपनीनंच कळवलंय ना? मग आता कसला मुहूर्त बघतोयस? लेकीच्या नव्या घराचे फोटो सगळ्या गोतावळ्यानं पाहिले, फक्त तिच्या मामानं नाही. आमचे हे म्हणतात, तुझ्या फोनला आता पेन्शन द्या आणि घरी बसवा.

छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची घाई आहे. दिवसभर प्रूफं तपासून घरी आले की साबणाच्या वेष्टनावरच्याही चुका दिसायला लागतात.

रविवारी दहाला व्हिडिओ कॉल करते. दीड वर्षात तुझं तोंड पाहिलेलं नाही. दाढी करून बस.

नमस्कार संपायच्या आत भांडायला उठणारी,
तुझी चिंगी

दि. १३ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

पार्सल न फोडता परत पाठवतोय. रागावण्याआधी ऐकून घे.

ज्याला तू ठोकळा म्हणतेस, तो तेरा वर्षांपूर्वी मी घेतला तेव्हा आमची रक्ततपासणीची अख्खी लॅब बघायला जमली होती. मेल, नकाशा, कॅमेरा, गाणी, शब्दकोश, सगळं तेव्हाच होतं त्यात. गाजावाजा दुसऱ्याच फोनांचा झाला, याच्या वाट्याला कौतुक आलंच नाही. सोमवारी चार्ज केला की गुरुवारपर्यंत बघावं लागत नाही. बॅटरी थकली तर पाठ उघडायची, दुसरी घालायची. एकदा जिन्यावरून पडून त्याचे तीन तुकडे झाले. तिन्ही जोडले आणि त्यावरूनच तुला फोन केला. तुला कळलंही नाही. रक्त घेताना हातात मोजे असतात, तरी बटणं दबतात. बटणांवर आपली अक्षरं आहेत, न बघता लिहिता येतं. आणि राग आला की लाल बटण कचकन दाबता येतं. काचेवर बोट फिरवून कुणाला राग दाखवता येतो का?

नेट हळू आहे, हे कबूल. एक पान उघडेपर्यंत माझा चहा होतो. पण मला कुठं एवढ्या लगबगीनं पोचायचंय?

व्हिडिओचं राहू दे. तोंड तेच आहे, जरा सैल झालंय. घराचे फोटो छापून पाठव, भिंतीवर लावीन. मेव्हण्यांना सांग, पेन्शनच्या रांगेत फोनच्या आधी माझा नंबर आहे.

तुझ्या रागाला वाव ठेवून आशीर्वाद देणारा,
दादा

दि. २७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र भिंग लावून वाचलं. थट्टा नाही ही. पहिल्या ओळीतलं तुझं अक्षर नेहमीसारखं आहे. दुसऱ्या पानावर ते बारीक होत जातं आणि शेवटी तर मुंग्यांची रांग. मग मी तुझी मागची पत्रं काढून टेबलावर एकाशेजारी एक मांडली. गेल्या ऑगस्टपासून अक्षर आक्रसत चाललंय. कागद वाचवतोस का? तू तर पाकिटाच्या आतही लिहिणारा माणूस!

आणखी एक. फोन नको असेल तर माणूस दोन ओळींत नको म्हणतो. तू दोन पानं त्याची वकिली केलीस. म्हणजे काहीतरी झाकतोयस.

त्या फोनमध्ये वहिनीचे मेसेज असतील तर तसं सांग, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण मला वेगळीच शंका खाते आहे. तुला माझं तोंड बघायचं नाहीये. वहिनी आजारी असताना मी आले नाही. आले ती सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी. तेव्हा तू काहीच बोलला नाहीस, मला जेवायला वाढलंस आणि स्टेशनवर सोडलंस. दीड वर्ष मी वाट बघतेय, दादा कधी बोलेल. त्या दिवशी पार्सल परत आलं, तेव्हा वाटलं, हेच ते उत्तर.

बोल रे एकदाचं. वाटेल ते बोल, पण गप्प राहू नकोस.

तुझ्या दोन शब्दांसाठी अडून बसलेली,
चिंगी

दि. ८ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी त्याच फोनवर लिहिलंय आणि लॅबच्या प्रिंटरवर काढलंय. दोन संध्याकाळी लागल्या. आता तुला भिंग लागणार नाही.

आधी तुझ्या वहिनीचं. त्या फोनला ती सवत म्हणायची. तिचे दोनच मेसेज आहेत, आणि दोन्हींत साबण आणा एवढंच आहे. तिनंच मला बजावलं होतं, चिंगीच्या लेकीची परीक्षा चालू आहे, तिला काही कळवू नका, ती सगळं सोडून धावत येईल. मी तिचं ऐकलं. ती गेल्यावर तरी तुला हे सांगायला हवं होतं. मला वाटलं तुला माहीत असेल. तुझ्यावर माझा राग कधीच नव्हता. दीड वर्ष तू हे ओझं वागवलंस, यात चूक माझी आहे. माफ कर.

आता झाकलेलं. माझा उजवा हात थरथरतो. ऑगस्टमध्ये आधी अंगठा सुरू झाला, चिमटीत काहीतरी चोळत असल्यासारखा. मग मनगट. पेन धरलं की अक्षर आपोआप लहान होतं, मोठं काढायला गेलो तरी. तुझा नवा फोन मी नाकारला खरा, पण तसलाच एक दुकानात जाऊन हाताळून पाहिला होता. एक अक्षर लिहायला गेलो तर चार उमटली. दुकानदारानं हसत विचारलं, की काका, पहिल्यांदाच का? मी हो म्हणालो आणि बाहेर पडलो. बटणाचं तसं नसतं. अंगठा त्यावर टेकवून ठेवता येतो, तो शांत झाला की मग दाबता येतं. बटण थांबतं माझ्यासाठी, काच थांबत नाही. तेरा वर्षांची सगळी वकिली या एका वाक्यात आली असती. पण ते लिहिलं असतं तर बाकीचंही लिहावं लागलं असतं. आणि व्हिडिओवर तुला पहिल्याच मिनिटात दिसलं असतं.

बाकीचं असं. हात नुसता मांडीवर असला की थरथरतो, कामाला लागला की बहुतेक वेळा थांबतो. म्हणून मी रक्त घेत राहिलो. एकतीस वर्षांची सवय, कुणाच्या लक्षात आलं नाही. गेल्या मंगळवारी एक बाई आल्या. ग्रंथालयात काम करतात, दर महिन्याला तपासणीला येतात. शिरा फार बारीक, म्हणून दुसऱ्या कुणाकडे जात नाहीत, माझ्यासाठी थांबून राहतात. त्या दिवशी सुई धरूनही हात थांबेना. मी तीनदा सुई घातली, तिन्ही वेळा चुकली. त्यांचा हात काळानिळा झाला. शेजारच्या टेबलावरून सिस्टरनं विचारलं काय झालं, तर त्यांनी बाही खाली ओढली आणि म्हणाल्या, आमच्या शिराच मेल्या खोडकर आहेत. मला वाचवण्यासाठी त्या खोटं बोलल्या. त्यापेक्षा त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

अजून कुणाला सांगितलेलं नाही. तू पहिलीच.

तुझा भित्रा भाऊ,
दादा

दि. १४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र छापखान्यातच उघडलं. मग जिन्यात जाऊन बसले. वहिनीबद्दल मी आता काही लिहीत नाही, समोर बसून बोलू. तिनं माझी परीक्षा टाळली म्हणायचं की घेतली, ते मला अजून कळत नाहीये.

आता रागावते. हे पत्र मिळालं की दुसऱ्याच दिवशी लॅबच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगायचं. खुर्चीवर बसण्याआधी सांगायचं, दुपारी नाही, सवडीनं नाही. तुझ्यासाठी म्हणून सांगत नाहीये. त्या बाई पुढच्या महिन्यात पुन्हा तुझ्याच भरवशावर बाही वर करतील, म्हणून सांगतेय. तोवर कुणाच्या हाताला सुई लावलीस तर आपलं नातं विसर. हे वाक्य मी खोडणार नाही.

२ एप्रिलपासून पंधरा दिवसांची रजा टाकली आहे, येतेय. फोनचं म्हणशील तर काल जेवताना मी तुझी बाजू घेऊन यांच्याशी भांडले. काचेचं कौतुक करत होते. म्हटलं, धडधाकट बोटांना सगळंच सोपं असतं. त्यांनी विचारलं, हे कुणाबद्दल? मग त्यांना सांगितलं. रागावू नकोस.

तुझ्यापेक्षा लहान, पण आज मोठी झालेली,
चिंगी

दि. २५ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

सांगितलं. तू म्हणालीस तसं, खुर्चीवर बसण्याआधी. डॉक्टरीणबाईंनी तपासायला म्हणून माझा हात हातात घेतला आणि तपासून झाल्यावरही सोडला नाही. मग विचारलं, एवढे महिने एकट्यानं कसं काढलं. मेंदूच्या डॉक्टरांकडे त्याच घेऊन गेल्या. कंपवात आहे. बरा होत नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहतो. ग्रंथालयाच्या बाईंना मी स्वतः फोन करून माफी मागितली. त्यांना आधीपासून शंका होती. त्यांच्या वडिलांनाही हेच होतं.

गोळ्या दिवसातून चार वेळा घ्यायच्या आहेत. वेळेला आपला ठोकळा असा काही बोंबलतो की शेजारीही गोळी घेतील. नेटवर्क गेलं तरी तो गजराला आणि लिहायला राहील, त्याला मी घरी बसवणार नाही. येताना नवाही आण. बोलण्यापुरता शिकतो. चार अक्षरं उमटली तर हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

सुई माझ्याकडून काढून घेतली. पहिले दोन दिवस मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावांच्या चिकटपट्ट्या लावत बसलो, कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. परवा सिस्टरला एक शीर सापडेना. माणूस बसचा निवृत्त ड्रायव्हर, दंड म्हणजे नुसता खांब. मी उठून गेलो. माझा डावा हात अजून जागेवर आहे. बोटानं चाचपलं, शीर खोल होती पण होती. मी बोट तिथं ठेवून म्हणालो, इथं. मग बोट बाजूला घेतलं, तिनं सुई घातली. पहिल्याच खेपेला नळी भरली. डॉक्टरीणबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, अवघड शिरा यापुढे तुम्ही दोघांनी बघायच्या.

ड्रायव्हरनं विचारलं, की नक्की रक्त घेतलं कुणी? सिस्टर म्हणाली, दोघांनी. मी उजवा हात कोटाच्या खिशातून काढला आणि कापसाचा बोळा घेऊन पुढे केला. हात चांगलाच थरथरत होता. ड्रायव्हरनं पाहिलं. आणि दंड तसाच धरून ठेवला, बोळा नीट जागेवर बसेपर्यंत.

२ तारखेला स्टेशनवर येतोय. तुझी वाट बघणारा,
दादा