शिराळ्याच्या हौदाचं पाणी

सांगली, रविवार संध्याकाळ

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच मायक्रोस्कोपला डोळा लावला. धाकधूक होती. जन्मभर कॉलेजात शेवाळं शिकवली, आता तीच ओळखता आली नाहीत तर? आमचे हे सकाळी शिराळ्याला मळ्यात गेले आणि हौदातलं हिरवं पाणी घेऊन आले. मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस, एसटीत बाटली मांडीवर धरून बसला!

एक थेंब काचेवर घेतला. चंद्रकोरीसारखी हिरवी पेशी दिसली. क्लॉस्टेरियम नावाचं शेवाळ? पण मुलांना मीच सांगायची, नुसत्या आकारावरून नाव देऊ नका, टोकांशी थरथरणारे कण बघा. ते तर फारच बारीक. हळूहळू फोकस फिरवत गेले... आणि दिसले. दोन्ही टोकांच्या पारदर्शक पोकळीत कण नाचत होते! क्लॉस्टेरियमच.

"अगं, दिसतंय का न्हाई?" ह्यांनी विचारलं. मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढून पदरानं टिपला.

"परत धुरकट झालं व्हय?"

"नाही हो, रडतेय मी. सगळं लख्ख दिसतंय."

तरी ते घाबरून औषधाचे थेंब घेऊन आलेच. मीही मुकाट्यानं मान मागे टाकली.